इंग्रजीतून विचारावे कसे आणि ऐकावे कसे
(दहिसर येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी यंदाच्या व्याख्यानासाठी माझी योजना केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर आपण विद्वानांची, डॉक्टरांची आणि कारखानदारांची भाषणे ऐकली. मी यांपैकी कोणीच नव्हे. फोर्टातील एका विमा कचेरीत चौकशीच्या टेबलापाशी एकतीस वर्षे बसून मी सेवानिवृत्त झालो. लोक येत, विचारीत, आणि मी सांगत असे. एवढीच माझी पुंजी. तेव्हा त्या पुंजीतूनच आजचा विषय निवडला आहे. इंग्रजीतून माहिती सभ्यपणे विचारावी कशी, आणि मिळालेली माहिती नीट पदरात पाडून घ्यावी कशी, याविषयी चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. आमच्या नातवाने तर मला घरीच ऐकविले, “आजोबा, आधी प्लीज म्हणायचं, नंतर थँक यू म्हणायचं, झालं!” इतके सोपे असते तर मीही हे व्याख्यान दिले नसते. ते तसे नाही, हे मला ज्या प्रसंगाने शिकविले, तो प्रसंग प्रथम सांगतो. तो माझ्याच चुकीचा आहे आणि आजवर मी तो चार घरच्या माणसांपलीकडे कोणाला सांगितलेला नाही.

गोष्ट २००४ सालची. माझ्या मातोश्रींना पित्ताशयातील खड्यांचा विकार जडला होता व शहरातील एका रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी त्या रोज घेत असत. तपासणी करणारे तरुण डॉक्टर परप्रांतीय होते. त्यांना मराठी येत नव्हते, ते इंग्रजीतूनच बोलले. बोलणे शांत आणि सौजन्याचे होते. शेवटी ते त्या गोळीविषयी म्हणाले, “होल्ड द टॅब्लेट टिल सर्जरी.” आणि मजकडे पाहून त्यांनी विचारले, “इज दॅट क्लिअर?” मी तत्काळ म्हणालो, “यस, डॉक्टर.”

‘होल्ड’ म्हणजे धरणे, हे मी शाळेत पाठ केलेले. शस्त्रक्रियेपर्यंत गोळी धरून ठेवावी, म्हणजे सोडू नये, खंड पडू देऊ नये, असा अर्थ मी लावला. वाटेत नवी पाकिटे विकत घेतली आणि घड्याळ लावून रोज गोळी दिली. डॉक्टरी इंग्रजीत मात्र ‘होल्ड’ म्हणजे तूर्त थांबविणे! शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी परिचारिकेने शेवटची गोळी केव्हा घेतली ते विचारले. मी मोठ्या अभिमानाने सांगितले, “काल रात्री.” शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली गेली. त्या आठवड्यात दोन रात्री आईने पोटातील कळांनी तळमळून काढल्या. आईने मला दोष दिला नाही. तिने एवढेच विचारले, “माझंच काही चुकलं का रे?” पुढे शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली आणि आई त्यानंतर नऊ वर्षे आमच्यात होती. परंतु तो प्रश्न माझ्या कानांतून अद्याप गेलेला नाही.

ती परिचारिका आपल्या कोकणातली होती. ती म्हणाली, “दादा, कळलं नव्हतं तर विचारायचं की हो! मला मराठीत विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.” सज्जनहो, एकतीस वर्षे लोकांच्या चौकशीची उत्तरे देणाऱ्या मनुष्याला स्वतः चौकशी करता आली नाही. शब्द न कळणे हा माझा दोष नव्हता. डॉक्टरांनी “क्लिअर?” म्हणून दार उघडले असता मी ते “यस” म्हणून लावून घेतले, हा माझा दोष होता. “सॉरी डॉक्टर, डू यू मीन शी शुड स्टॉप इट?” एवढे एकच वाक्य पुरले असते. ते माझ्या तोंडून का निघाले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आणि त्यातून जे निष्पन्न झाले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पहिले कारण भाषेच्या घडणीत आहे. मराठीत आदर हा क्रियापदात आणि सर्वनामात राहतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्यावे’, ‘देता का’, ‘द्याल का’ अशी पायरी-पायरीने आपली विनवणी चढत जाते. तू, तुम्ही आणि आपण अशी तीन आसने आपण समोरच्यासाठी मांडून ठेविली आहेत. त्यातून ‘जरा’ आणि ‘हो’ हे दोन लहान शब्द आहेतच. “जरा सांगता का हो?” एवढ्याने अनोळखी माणूसही आपलासा होतो. आपल्या पूर्वजांच्या पत्रव्यवहारात तर हा भेद अधिकच स्पष्ट होता. थोरांस लिहिताना ‘विज्ञापना’ आणि ‘हे विनंती’, तर हाताखालच्यास आज्ञा लिहिताना ‘जाणिजे’. पत्राचा शेवट वाचला, की लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, हे उमगे.

इंग्रजीत हे काहीच नाही. राजाला ‘यू’, रंकाला ‘यू’, आणि दाराशी आलेल्या कुत्र्यालाही ‘यू’. क्रियापदही सर्वांस एकच. म्हणून त्या भाषेने आपले सारे सौजन्य वाक्याच्या रचनेत नेऊन ठेविले आहे. ‘गिव्ह मी द फॉर्म’ ही आज्ञा. तिला ‘प्लीज’ जोडले तरी ती आज्ञाच राहते, फार तर गोड आज्ञा होते. ‘कुड यू गिव्ह मी द फॉर्म?’ म्हटले म्हणजे समोरच्यास नाही म्हणावयास जागा राहते. आणि इंग्रजी सभ्यतेचे मर्म हेच, की दुसऱ्यास नकाराची जागा मोकळी ठेवावी. आपण मनातल्या मनात ‘फॉर्म द्या’ याचे शब्दशः भाषांतर करतो. ‘द्या’ मधील आदर वाटेत सांडतो आणि पलीकडे केवळ हुकूम पोहोचतो. आपण मनाने विनम्र असतो, परंतु ऐकणाऱ्यास उद्धट वाटतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या व त्या ऋणातून आपण मुक्त होणार नाही. तथापि वाक्याचे भाषांतर करता आले म्हणून रीतीचे भाषांतर आपोआप होत नाही.

यातही एक दिलासा आहे. इंग्रजीतील पुष्कळ रीती आपल्या मराठीत मुळातच आहेत, फक्त त्या आपण ओळखत नाही. कोणाच्या घरी गेल्यावर आपण म्हणतो, “मला एक विचारायचं होतं.” विचारावयाचे आत्ताच असते, तरी आपण ‘होतं’ म्हणतो. का? तर भूतकाळाने मागणीची धार बोथट होते. इंग्रजही नेमके हेच करतो आणि म्हणतो, ‘आय वॉन्टेड टु आस्क यू समथिंग.’ तसेच ‘खिडकी कोठे आहे ते सांगाल का?’ या आपल्या वाक्यात प्रश्नाच्या पोटात प्रश्न आहे. इंग्रजीत ते ‘कुड यू टेल मी व्हेअर द काउंटर इज?’ असे होते. येथे ‘इज’ शेवटी येतो, जसा आपला ‘आहे’ येतो. घाईत आपण ‘व्हेअर इज द काउंटर’ असे मध्येच उलटे करतो. मराठीचा कान शाबूत ठेवला, तर ही चूक होणार नाही.

याउलट काही शब्द आपल्याला फसवितात. आपल्याकडे ‘मला एक शंका आहे’ हे शिष्याचे विनयाचे वाक्य आहे. त्याचे ‘आय हॅव अ डाउट’ केले, की परदेशी माणसास वाटते, हा माझ्या बोलण्यावर अविश्वास दाखवीत आहे. तेथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे. ‘आपले शुभनाव?’ याचे ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ झाले, की तो गोंधळतो, कारण वाईट नाव त्याच्यापाशी नसतेच. आमच्या कचेरीत एकदा नव्या साहेबांनी एका वृद्ध विमेदारास विचारले, “वुड यू माइंड वेटिंग?” ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, “यस सर, यस सर.” साहेबांच्या कपाळास आठी पडली. ‘थांबावयास आपली काही हरकत आहे का?’ या प्रश्नास बिचाऱ्यांनी ‘आहे’ म्हणून उत्तर दिले होते! येथे संमती द्यावयाची असेल तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणावे लागते. दुसऱ्या एका बाईंना दूरध्वनीवर सांगण्यात आले, “आय ॲम अफ्रेड युअर पॉलिसी हॅज लॅप्स्ड.” त्यांनी सांगणाऱ्या मुलीलाच धीर दिला, “घाबरू नकोस गं!” ‘आय ॲम अफ्रेड’ यात भय नसते. अप्रिय बातमी सांगण्यापूर्वी वाजविलेली ती घंटा असते. ती ऐकू आली, की पुढचे शब्द अधिक लक्षपूर्वक ऐकावेत.

दुसरे कारण मनाच्या घडणीत आहे आणि ते अधिक खोल आहे. इंग्रजीपुढे आपण एक तर उगाच ताठतो, नाही तर उगाच वाकतो. जुन्या अर्जांतील ‘आय हम्बली बेग टु स्टेट’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ हे शब्दप्रयोग ब्रिटिश अमदानीतील कचेऱ्यांतून आपल्याकडे राहिले. खुद्द विलायतेत ‘नीडफुल’ मागे पडले, आपण ते अजून जपून ठेविले आहे. सभ्य होणे म्हणजे लाचार होणे, अशी आपली समजूत झाली आहे. ती खरी नाही, हे आपल्याच माणसांनी दाखवून दिलेले आहे.

मुंबईत १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट हे तिच्या धुरीणांपैकी एक. या संस्थेने इंग्रजीतून अर्ज लिहून थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठविला. पुण्यास १८७० साली सार्वजनिक सभा निघाली आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने तिने सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले. पुढे १८९२ च्या कायद्याने कायदे मंडळातील सभासदांस सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. परंतु उत्तर मिळाल्यावर त्यावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने, तीही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच, मिळाली. विचार करा, ‘मला समजले नाही, पुन्हा सांगावे’ एवढे म्हणण्याचा हक्क मिळविण्यास आपल्या पुढाऱ्यांस सतरा वर्षे लागली! आणि आपण तो हक्क डॉक्टरांच्या खोलीत आपण होऊन सोडून देतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली कलकत्त्यास, लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी असताना, अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. तिजोरीत मोठी शिल्लक पडली म्हणून सर्वजण अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी प्रारंभीच म्हटले, की या अभिनंदनात सद्सद्विवेकबुद्धीने आपणांस सामील होता येईल असे वाटत नाही. आणि हे त्यांनी कोणत्या शब्दांनी सुरू केले? ‘आय फिअर’ या शब्दांनी. म्हणजे आमच्या विमेदार बाईंनी ऐकलेल्या ‘आय ॲम अफ्रेड’ चीच ती सख्खी बहीण. तेथे भीतीचा लवलेश नव्हता. शब्द मऊ होते, आणि पुढे एकामागून एक आकडे देऊन त्यांनी प्रश्न केला, की प्रजा दरिद्री असता ही शिल्लक आली कोठून? मऊ शब्द आणि न सोडलेला प्रश्न, हीच सभ्य विचारणा होय. वाकणे वेगळे, आणि विनय वेगळा.

आता विषयाच्या उत्तरार्धाकडे वळतो. विचारणे जितके महत्त्वाचे, तितकेच ऐकून घेणे. किंबहुना माझी चूक विचारण्यातली नव्हती, घेण्यातलीच होती. माझ्या टेबलाच्या अनुभवावरून तीन सूचना करतो.

पहिली अशी, की कळले नाही तर तत्क्षणी सांगावे. त्यासाठी मोठे वाक्य लागत नाही. ‘सॉरी?’ हा एकच शब्द स्वर चढवून म्हटला, की त्याचा अर्थ ‘क्षमा असावी, पुन्हा सांगता का?’ असा होतो. ‘कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोली?’ म्हटले तर उत्तमच. माझ्या टेबलापाशी पुन्हा विचारणाऱ्याचा मला कधी राग आला नाही. न कळता ‘यस’ म्हणून जाणारा आणि आठवड्याने चुकीचा कागद घेऊन येणारा, याचाच ताप होई.

दुसरी सूचना ही, की ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगावे. ‘सो, आय शुड ब्रिंग द ओरिजिनल अँड वन कॉपी, इज दॅट राइट?’ सावकाराकडील पैसे आपण त्याच्यासमोर मोजून घेतो, तशीच माहितीही समोर मोजून घ्यावी. यात अविश्वास नाही, दोघांचीही सोय आहे. दूरध्वनीवर तर हे अत्यावश्यक आहे, कारण आपले मान डोलाविणे पलीकडच्यास दिसत नाही.

तिसरी सूचना आभाराविषयी. आपल्यात घरच्या माणसाचे आभार मानणे म्हणजे त्यास परका करणे. आईने वाढलेल्या भाताबद्दल ‘मी आपला आभारी आहे’ म्हणणारा मुलगा आपणांस चमत्कारिक वाटेल. इंग्रजीतील ‘थँक यू’ इतके वजनदार नाही. ती सुट्टी नाणी आहेत, पावलोपावली द्यावयाची. ती देण्यात कंजुषी करू नये, आणि न मिळाल्यास मनास लावून घेऊ नये. माहिती मिळाली नाही, तरीही ‘थँक यू एनीवे’ म्हणून निघावे. त्या माणसाकडे कदाचित उद्या पुन्हा जावयाचे असते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. हे सारे इंग्रजीविषयी सांगितले, म्हणून मराठी सोडावी असा अर्थ कोणी घेऊ नये. जेथे मराठी चालते, तेथे मराठीतच विचारावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे शुल्क दहा रुपये, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. माहिती कशासाठी हवी, याचे कारण सांगण्याचेही बंधन नाही. ज्यास अर्ज लिहिता येत नाही, त्यास लिहून घेण्याच्या कामी साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. कायद्याने सरळ मान्य केले आहे, की विचारणारा हा याचक नव्हे.

आपल्या दहिसरला तर विचारण्याची परंपराच आहे! २०१७ साली जकात रद्द होईपर्यंत आपल्या नाक्यावर मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक मालगाडीस ‘काय आणले? कोठून आणले?’ असे विचारल्यावाचून आत सोडीत नसत. १९५७ साली दहिसर बृहन्मुंबईत आले, तेव्हा शेताच्या बांधावर इंग्रजीची गरज कोणास होती? आज २०२२ च्या गुढीपाडव्यापासून मेट्रो आपल्या दारातून धावते, मुलांचे शाळाप्रवेश इंग्रजीतून होतात, लेकी-सुना परदेशी नांदतात आणि त्यांच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आमच्या भगिनी विमानतळावरील अधिकाऱ्यासमोर एकट्या उभ्या राहतात. त्यांना लागणारे इंग्रजी पदवीचे नव्हे. त्यांना दहा-बारा वाक्ये लागतात, आणि ‘मला कळले नाही’ म्हणण्याचे धैर्य लागते.

म्हणून मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी या सभागृहात तासभर जमावे. तरुणांनी डॉक्टर, बँकेतील अधिकारी, शाळेच्या मुख्याध्यापिका व्हावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांस इंग्रजीतून प्रश्न विचारून पाहावे. येथे चुकले तर हसू होईल, आणि ते घरचेच हसू असेल. तरुणांनाही यातून लाभ आहे. त्यांचे इंग्रजी सफाईदार आहे, परंतु दोन अक्षरी निरोप पाठविण्याच्या सवयीने विनवणीची रीत त्यांच्या बोटांतून निसटत चालली आहे. ती रीत आपण मराठीतून त्यांस देऊ, ते आपणांस इंग्रजी उच्चार देतील. हा व्यवहार बरोबरीचा होईल. पहिल्या रविवारी डॉक्टरांसमोर बसण्यास मी स्वतः येईन, आणि ‘होल्ड’ या शब्दाचा अर्थ विचारून प्रारंभ करीन.

माझ्या आईस आठवडाभर सोसावे लागले, ते माझ्या अज्ञानामुळे नव्हे, माझ्या लाजेमुळे. तुमच्यापैकी एखाद्या जरी लेकाने किंवा लेकीने पुढच्या वेळी ‘यस, डॉक्टर’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबून ‘सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड’ म्हटले, तर माझ्या आजच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.